मोरीमागचं पाणी: नॉर्थ डकोटातल्या खळग्यांच्या प्रदेशातून प्रकल्प नोंदी

५ मार्च

काम लेखी आलं. स्टट्समन काउंटीच्या पश्चिमेकडची एक टाउनशिप. तिच्या रस्त्यांखालच्या प्रत्येक मोरीमागे किती एकरांचं पाणी येतं तो आकडा काढून द्यायचा. एका मोरीला एक आकडा, त्यावरून पाइपचा व्यास ठरणार. बर्फ वितळताना रस्ते पाण्याखाली जातात आणि टाउनशिपच्या मंडळाला आता अंदाजपंचे पाइप टाकायचे नाहीत. मागणी अगदी रास्त आहे.

टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन. त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. १८६२च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबामागे दिला गेला तो सेक्शनचा पाव हिस्सा, १६० एकर. रस्ते या चौकटीच्या रेषांवरून जातात. मोजणीदारांनी जमिनीचा चढउतार पाहून रेषा वळवल्या नाहीत. तळं आडवं आलं तरी रेषा सरळच.

मी पाणलोटाचं काम शिकले ते ‘माथा ते पायथा’ याच क्रमाने. दख्खनच्या बेसाल्टवर कुठेही बोट ठेवा, ओघळ नाल्याला मिळतो, नाला ओढ्याला, ओढा नदीला. आपल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेने अख्खा महाराष्ट्र दीड हजारांहून जास्त पाणलोटांत वाटलाय आणि दोन पाणलोटांमध्ये कुठे फट उरत नाही. या टाउनशिपच्या नकाशावर निळे ठिपके शेकड्यांनी आहेत, पण त्यांना जोडणारी रेघ जवळपास नाही. माथे भरपूर आहेत, पायथा सापडत नाही.

७ मार्च

आज फक्त वाचन. हा प्रदेश म्हणजे मिसूरी कोटो: दक्षिण डकोटापासून नॉर्थ डकोटा ओलांडून कॅनडातल्या सस्कॅचवानपर्यंत गेलेला उंचवट्याचा पट्टा. जेम्सटाउनहून पश्चिमेला निघालं की सपाट शेतं संपतात आणि जमीन शंभर मीटरांहून जास्त चढते. चढल्यावर पठार लागेल असं वाटतं, पण लागतात त्या उंचसखल टेकड्या आणि त्यांच्या मधले खळगे.

कारण हिमयुगातलं. लॉरेन्टाइड हिमचादर या उंचवट्यावर चढताना तिने तळातली माती, चिकणमाती आणि दगडगोटे वर ओढून आणले. पुढे चादरीचं वाहणं थांबलं आणि इथला बर्फ जागच्या जागी मेला. त्याच्यावर गाळाचं जाड पांघरूण होतं, त्यामुळे तो लगेच वितळला नाही, काही हजार वर्षं टिकला. तुकड्यातुकड्याने खालचा बर्फ गेला तशी वरची माती खचत गेली. जिथे बर्फ जाड होता तिथे खळगा, पातळ होता तिथे टेकडी. म्हणजे हे खळगे पाण्याने कोरलेले नाहीत, आणि त्यानंतरची दहाबारा हजार वर्षं नद्यांना इतकी अपुरी पडली की त्यांना इथे आपलं जाळं विणताच आलेलं नाही. पाऊस वर्षाला साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास, माण-सांगोल्याच्या जवळपासचा. एवढ्या पावसावर नदी कोरायला वेळ लागतो.

असे खळगे आयोवा, मिनेसोटा, दोन्ही डकोटा, मोंटानाचा कोपरा आणि कॅनडाचे तीन प्रेअरी प्रांत मिळून सुमारे सात लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त.

१२ मार्च

लायडारची (विमानातून लेसर किरणं सोडून मोजलेली) जमिनीची उंची उतरवून घेतली. ही माहिती इथे सार्वजनिक आहे. एक मीटरचा पिक्सेल, उंचीतली चूक दहापंधरा सेंटिमीटरची. सोलापुरात असताना असलं काही हाताशी असतं तर काय काय केलं असतं!

मंडळाला दाखवायला म्हणून नेहमीची पद्धत मुद्दाम चालवली. नकाशांच्या जवळपास प्रत्येक (जीआयएस) सॉफ्टवेअरमध्ये प्रवाहाची पहिली पायरी एकच: ‘खळगे भरा’. ज्या पिक्सेलमधून पाणी बाहेर पडत नाही तो पिक्सेल मोजणीतली चूक समजायचा आणि काठापर्यंत उचलायचा. डोंगराळ मुलखात हे योग्यच असतं. इथे ते बटण दाबल्यावर टाउनशिपमधलं एकूण एक तळं गायब झालं, आणि त्यांच्या जागी छान फांद्या फुटलेली नदी उमटली. अशी नदी जमिनीवर कुठेही नाही. एका मोरीमागे या हिशोबाने जवळपास पाच सेक्शनचं पाणी निघालं. त्या मोरीपाशी आहे दीड फुटाचा पाइप आणि गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत.

चित्र जपून ठेवलंय. सादरीकरणात पहिलं हेच लावायचं.

१३ मार्च

बाबांना कालचे दोन नकाशे पाठवले होते, खरा आणि बनावट. त्यांची पूर्ण नोकरी मृदसंधारणात गेली. फोनवर म्हणाले, “एवढी तळी, आणि एकालाही सांडवा नाही?” सांडवा आहे, बाबा. प्रत्येकाला आहे. फक्त कुठल्या वर्षी चालेल त्याचा नेम नाही.

२० मार्च

दोन अडचणी लिहून ठेवते.

पहिली: या लायडारची किरणं पाण्याच्या आत जात नाहीत. विमान उडालं त्या दिवशी तळ्यात जेवढं पाणी होतं, तेवढा तळ आपल्याला सपाट दिसतो. ओल्या वर्षी उड्डाण झालं असेल तर खळगा आहे त्याहून उथळ दिसणार आणि साठा कमी निघणार. यावर उपाय आहे. हायाशी आणि व्हॅन डर कॅम्प यांनी २००० साली खळग्याचं क्षेत्रफळ, खोली आणि घनफळ यांचं साधं सूत्र मांडलं. काठावरचा उतार कळला की बुडालेल्या भागाचा आकार अंदाजता येतो. ते वापरणार.

दुसरी: मोरी आकाशातून दिसत नाही. लायडारला रस्ता म्हणजे सलग बांध. मोरीचा पाइप संगणकावरच्या मांडणीत हाताने ‘खोदावा’ लागतो, म्हणजे उंचीच्या थरात रस्त्यावर एक चीर पाडायची. त्यासाठी मोरी नक्की कुठे आहे ते प्रत्यक्ष पाहायला हवं. बर्फ आहे तोवर ते शक्य नाही.

९ एप्रिल

वितळायला लागलं. वर्षाचं बहुतेक पाणी या दोनतीन आठवड्यांत ठरतं. जमीन अजून गोठलेली आहे, त्यामुळे वितळलेलं पाणी मुरत नाही, उतारावरून थेट खळग्यात येतं. शिवाय हिवाळाभर वाऱ्याने शेतातला बर्फ उडवून पाणकणसांच्या बेटांत नेऊन टाकलेला असतो. उघड्या रानात वीतभर तर खळग्यात कंबरभर. म्हणजे पाणलोटाची पहिली वाहतूक वारा करतो, आणि वाऱ्याला चढउताराचं बंधन नाही. पाणलोटाची रेघ उंचीवरून काढायची, हा आमचा दंडक इथे पहिल्याच पायरीवर ढिला होतो.

उन्हाळ्यातला पाऊस याउलट. तो मातीत मुरतो, गवत आणि पिकं पितात, तळ्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. सस्काटूनजवळच्या सेंट डेनिस वन्यजीव क्षेत्रात १९६८पासून तळ्यांची पातळी मोजतात. तिथे १९८०च्या दशकात काही शेतं नांगरणीतून काढून कायमच्या ब्रोम गवताखाली आणली, आणि त्या भागातली तळी काही वर्षांत कोरडी पडली. गवताने बर्फ जागेवरच धरला आणि मुळांनी जमीन इतकी पोकळ केली की गोठली तरी पाणी मुरायला लागलं. उंची तीच, पाऊस तोच, फक्त वरचं आच्छादन बदललं. जलसंधारणवाल्याला आनंद व्हावा अशी गोष्ट, बदकवाल्याला नाही.

१६ एप्रिल

मोऱ्या शोधायला सुरुवात. रस्ते चिखलाचे, गाडी डांबरीवर ठेवून पायी. बऱ्याच मोऱ्यांचं एक टोक पाण्याखाली आहे, काठीने चाचपून पाइप शोधावा लागतो. एक पाइप चेपलेला, एकात कस्तुरी उंदराने घर थाटलंय. शेतांच्या कडेला गोट्यांचे ढीग आहेत, हिमनदीने आणलेले. दर वसंतात गोठण-वितळणीने नवे गोटे वर येतात आणि शेतकरी दरवर्षी ते वेचतात.

सेक्शन २१च्या उत्तरेच्या मोरीपाशी गंमत. दोन्ही बाजूंना पाणी, दोन्हीकडे पातळी एकच. पाइपमधून काहीच वाहत नाही. एकच तळं होतं, सेक्शनच्या रेषेने त्याचे दोन केले आणि पाइपने ते पुन्हा जोडलेत. इथे ‘मोरीमागे किती एकर’ याला अर्थच उरत नाही. इथे मागचं-पुढचं काही नाही.

२४ एप्रिल

एका जमीनमालकाने ट्रॅक्टर थांबवून नकाशा मागितला आणि पाच मिनिटांत मला आठवड्याचं काम दिलं. कुठलं ‘स्लू’ (खळग्यातल्या तळ्याला इथे असं म्हणतात) आधी भरतं, कुठलं त्याच्यात सांडतं, कुठलं आजोबांच्या काळापासून कधीच सांडलेलं नाही. त्याची दोन तळी संघीय वन्यजीव सेवेच्या कायमच्या करारात आहेत: पैसे एकदाच मिळाले, पण निचरा करायचा नाही, भरायचं नाही, सपाट करायचं नाही. आपोआप कोरडं पडलं तर पेरता येतं. त्याला करार नकोसा नाही आणि हवासाही नाही. आजोबांनी सही केली, एवढंच म्हणाला. त्याची खरी तक्रार वेगळी होती. पेरणीची आणि फवारणीची रुंद यंत्रं आता तळ्यांभोवती वळसे घेत फिरतात आणि वळशांवर बी, खत, औषध दुबार पडतं. हे गणित तळ्यांच्या कुठल्याच नकाशात येत नाही. निचऱ्याचा पाइप टाकण्याचा मोह मात्र तिथूनच सुरू होतो.

७ मे

वनस्पतींचे पट्टे नोंदवले. स्टुअर्ट आणि कॅनट्रड यांनी १९७१मध्ये लावलेली वर्गवारी अजून चालते: खळग्याच्या मधोमध कुठला पट्टा आहे त्यावरून वर्ग. नुसतं ओलं कुरण असेल तर पाणी काही आठवडे टिकतं. उथळ दलदल असेल तर उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत. मध्ये पाणकणीस आणि लव्हाळ्याची उंच गर्दी असेल तर बहुतेक वर्षं वर्षभर. पाणी आटलं तरी झाडांना सवय असते, त्यामुळे कोरड्या वर्षीही वर्ग ओळखता येतो. संघीय पाणथळ नोंदीतली अक्षरंही हेच सांगतात, A म्हणजे तात्पुरतं, C हंगामी, F निमकायम. फक्त त्या नोंदीची इथली छायाचित्रं १९८०च्या आसपासची आहेत. त्यानंतर खळगे जुळून मोठे झाले, काही चरांनी रिकामे झाले.

बदकं सगळीकडे. उजनीवर हिवाळ्यात येतात तेच तलवार बदक आणि थापटे इथे जोडीजोडीने. आपल्याकडे येतात ते युरेशियाच्या उत्तरेतून; इथले मेक्सिकोच्या आखाताकडे आणि कॅलिफोर्नियाकडे जातात. जाती त्याच, वाटा वेगळ्या. उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून जास्त बदकं या खळग्यांच्या प्रदेशात निपजतात आणि त्यात मोठा वाटा अगदी लहान, लवकर आटणाऱ्या डबक्यांचा आहे. ती उथळ असल्याने आधी तापतात, त्यात किडे आधी होतात, आणि अंडी घालणाऱ्या मादीला प्रथिनं तिथे मिळतात. शिवाय जोडीला दुसरी जोडी नजरेसमोर नको असते. एका मोठ्या तळ्यापेक्षा तेवढ्याच क्षेत्राची दहा डबकी जास्त जोड्या पोसतात. १९५५पासून मे महिन्यात विमानातून बदकांची गणती होते.

१९ मे

वाहकतेचा मीटर (पाण्यात क्षार जितके जास्त तितका याचा आकडा मोठा) घेऊन माथ्यावरच्या खळग्यापासून सर्वांत खालच्यापर्यंत चालले. वरच्यात आकडा तीन आकडी, मधल्यात चढत गेला, खालच्यात चांगलाच चार आकडी. खालच्याच्या काठावर पांढरी खपली.

म्हणजे हे खळगे जमिनीवरून तुटक असले तरी खालून बोलतात. वरच्या खळग्यातलं गोडं पाणी मातीत झिरपतं. ही हिमनदीची चिकण गाळमाती पाणी फार हळू सोडते, पण वरचे काही मीटर भेगाळलेले आहेत. झिरपताना पाणी सल्फेटं विरघळवत जातं. ती येतात मातीतल्या पायराइटच्या गंजण्यातून. मधले खळगे एका काठाने पाणी घेतात, दुसऱ्या काठाने देतात. सर्वांत खालचा फक्त घेतो आणि हवेत सोडतो, त्यामुळे क्षार तिथे साचतात. या प्रदेशातल्या काही तळ्यांचं पाणी समुद्राहून खारट आहे. याच काउंटीतलं चेस लेक इतकं क्षारयुक्त की त्यात मासे नाहीत, तरी बेटावर पांढऱ्या झोळीवाल्यांची (पेलिकन पक्ष्यांची) मोठी वसाहत असते. ते चरायला दूरच्या तळ्यांवर जातात. १९०८मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राखीव केलं तेव्हा पन्नासेक पक्षी उरले होते. (कामाशी संबंध नाही, पण तिकडे जाऊन आले म्हणून.)

कामाशी संबंध असलेली गोष्ट: मीटर मला सांडव्याचा इतिहास सांगतो. नेहमी सांडणारं तळं क्षार साचू देत नाही. काठावर खपली आहे तिथून पाणी वरून बाहेर गेलेलं नाही, निदान बऱ्याच वर्षांत. जमीनमालक जे तोंडी म्हणाला होता ते मीटरने बहुतेक ठिकाणी मान्य केलं.

३ जून

उत्तरेला डेव्हिल्स लेक पाहून आले. हे तळं कोटोवर नाही, त्याच्या पूर्वेच्या सपाटीवर आहे, पण आपल्या प्रश्नाचं हेच सर्वांत मोठं उत्तर. खोरं बंदिस्त. १९४०मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून १४०१ फुटांवर होती, तळं म्हणजे उथळ खारं डबकं. १९९३पासून ओली वर्षं सुरू झाली आणि २०११मध्ये ते १४५४ फुटांवर पोचलं. मिनीवॉकन नावाचं गाव १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काठापासून आठ मैलांवर होतं. पाणी गावाच्या वेशीत आलं. रस्ते, रेल्वेचे भराव पुन्हापुन्हा उंच करावे लागले. १४५८ फुटांना तळं टोल्ना कूलीतून शायेन नदीत सांडलं असतं, तिथून रेड नदी, विनिपेग सरोवर, हडसनचा उपसागर. पूर्वी ते असं सांडलेलं आहे, गाळातल्या खुणा तसं सांगतात.

म्हणजे सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचा मुलूख हडसनच्या उपसागराच्या खोऱ्यात आहे की नाही, हे शेवटच्या चार फुटांवर अवलंबून होतं. मला टाउनशिपमध्ये हेच दिसतंय, फक्त इंचांत.

२१ जून

मांडणी चालली. खळगे भरले नाहीत, ठेवले. प्रत्येकाला साठा, काठ आणि सांडला तर पुढचा खळगा कुठला ते दिलं. मग वरून पाणी सोडत गेले. सुरुवातीला मोऱ्यांपर्यंत काहीच येत नाही. मग अचानक एक मोठा खळगा सांडतो आणि त्याच्यामागची दहाबारा डबकी एकदम एका मोरीच्या हिशोबात येतात. क्षेत्र सावकाश वाढत नाही, उड्या मारतं. पाणी आटायला लागलं की मात्र काठाखाली बोटभर गेलं तरी सांधा तुटतो, तळं जवळपास भरलेलं असूनही. म्हणून ‘साठा किती’ एवढंच विचारून चालत नाही, पाणी चढतंय की उतरतंय हेही विचारावं लागतं.

मग चर. चर म्हणजे सांडव्याची पातळी कायमची खाली आणणं. पूर्व सस्कॅचवानमधल्या स्मिथ क्रीक खोऱ्यात १९५८ साली सुमारे २४ टक्के जमीन पाणथळ होती, पन्नास वर्षांत १० टक्क्यांच्या आसपास उरली, आणि ओढ्याचे पूर वाढले. आयोवाने तर १७८० ते १९८०च्या दोनशे वर्षांत ८९ टक्के पाणथळ गमावली, नॉर्थ डकोटाने जवळपास निम्मी. १९८५च्या शेती कायद्यात पाणथळ निचरून पीक घेणाऱ्याचं अनुदान थांबवायची तरतूद आली, तेव्हा वेग मंदावला. मंडळापुढे हे मांडायचं का, याचा विचार केला. मांडायचं. उपदेश म्हणून नाही. वरचा एक चर खोदला तर कुठल्या मोरीचा आकडा किती बदलतो, एवढंच. तो त्यांच्या खर्चाचा प्रश्न आहे.

१५ जुलै

एप्रिलमधली निम्मीअर्धी डबकी कोरडी. काही भागांत जमीनमालकाने चारा कापलाय. लहान डबकी लवकर आटतात त्याचं कारण उन्हापेक्षा त्यांचा काठ: पाण्याच्या मानाने काठ लांब, आणि काठावरची वाळुंजं व गवत जमिनीखालून पाणी ओढत राहतात. गोचिडी पायघोळ मोजे घालूनही चढतात. याबद्दल जास्त लिहीत नाही.

३० जुलै

मंडळापुढे सादर केलं. पहिलं चित्र बनावट नदीचं. एक सदस्य म्हणाले, असली नदी असती तर मासे पकडायला मी इतका लांब कशाला जातो!

तक्त्यात एका मोरीला एक आकडा दिला नाही, तीन दिले: कोरड्या वर्षानंतरचा वसंत, सर्वसाधारण वसंत, आणि सगळं काठोकाठ भरलेलं असताना. काही मोऱ्यांचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. तिथे नेहमीच्या कोष्टकातून पाइप निवडा. काहींचा तिसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट. तिथे पाइप वाढवण्यापेक्षा रस्त्याचा थोडा भाग खाली ठेवून त्यावरून पाणी जाऊ देणं स्वस्त पडेल, असं लिहिलंय. सेक्शन २१सारख्या ठिकाणी रकाना रिकामा ठेवून ‘समपातळी’ एवढाच शेरा. त्यावर अर्धा तास चर्चा झाली, कारण निधीच्या अर्जाच्या नमुन्यात प्रत्येक मोरीपुढे एक आकडा लागतो आणि रिकामा रकाना चालत नाही. शेवटी ठरलं: अर्जात तिसरा आकडा भरायचा, तक्ता जोडपत्र म्हणून लावायचा, आणि ‘समपातळी’ मोऱ्यांचा अर्ज वेगळा करायचा.

उरलेलं काम: चार मोऱ्यांच्या तळाची उंची एप्रिलमध्ये पाण्यामुळे घेता आली नव्हती, ती आता घ्यायची. सेक्शन ८ आणि १७च्या मधल्या चराची खोली जमीनमालकाच्या परवानगीने मोजायची. तो म्हणतो गव्हाची कापणी झाल्यावर या.